ग्रेव्हीचा दुसरा नाच

“हा शर्ट बरा दिसतोय ना गं?” नेव्हने चौथ्यांदा विचारलं. आम्ही डेलोरेन ओलांडलं होतं, गाडी मी चालवत होते आणि शर्ट निळा होता. त्यापेक्षा जास्त त्याच्याबद्दल बोलण्यासारखं मला काही सुचत नव्हतं.

“लग्नाला निघालायस की खेळायला?”

“काय?”

“लग्नाला निघालायस की खेळायला!” मी ओरडले. नेव्ह आणि मी डेव्हनपोर्टजवळच्या एकाच बटाट्याच्या कारखान्यात कामाला. मी पॅकिंगला, तो निवडीच्या पट्ट्यावर. समोरून धावणाऱ्या बटाट्यांतला किडका, हिरवट, डागाळलेला नेमका उचलायचा, हे काम तो तीस वर्षं करतोय. नजर शाबूत राहिली, पण यंत्रांच्या आवाजाने दोन्ही कान गेले.

“खेळायलाच,” तो म्हणाला. “पण आज जिंकलो, तर पुढच्या महिन्यात मेलबर्नला हाच घालणार. म्हणून एकदा घालून बघितला.”

लॉन्सेस्टनला त्या दिवशी आमच्या राज्याची स्पर्धा होती. आमचा खेळ म्हणजे राक्षसांच्या झुंजीचा व्हिडिओ गेम. आपण सहा प्राणी पाळायचे, वाढवायचे, शिकवायचे आणि समोरच्याच्या सहांशी लढवायचे. घरी सांगितलं की लोक हसतात. माझी बहीण अजून म्हणते, “लॉर्ना, सत्तेचाळिसाव्या वर्षी हे काय?” तिच्या नवऱ्याचं गोल्फ तिला चालतं. नेव्ह तर चोपन्नचा. दर शनिवारी खेळांचे पत्ते विकणाऱ्या दुकानामागच्या खोलीत आम्ही जमतो, तिथे सगळ्यात म्हातारा तोच आणि सगळ्यात चिवटही तोच.

राज्यातले पहिले दोघे समुद्रापलीकडे मेलबर्नला, देशाच्या स्पर्धेला जातात. म्हणजे उपांत्य सामना जिंकला की झालं.

“तिथल्या स्पर्धेच्या हॉलपासून ब्रॉनीचं घर ट्रामने वीस मिनिटं,” नेव्ह खिडकीबाहेर बघत म्हणाला. “मी बघून ठेवलंय.”

ब्रॉनी त्याची मुलगी. ती दहा वर्षांची असताना तिची आई तिला घेऊन मेलबर्नला गेली. आता ती तेवीस वर्षांची आहे आणि जनावरांच्या दवाखान्यात नर्स आहे. चार वर्षांपूर्वी ख्रिसमसला येऊन तीन दिवस राहिली होती. एरवी दर रविवारी फोन, दहा मिनिटं. हवा कशी आहे, कुत्रा कसा आहे, ठेवू का.

“तिला सांगितलंस का, येणार म्हणून?”

“जिंकल्यावर सांगेन. म्हणेन, खेळायला आलो होतो, म्हटलं जाता जाता डोकवावं. असं बरं असतं. उगीच कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं म्हणजे...” त्याने शर्टाची कॉलर सरळ केली. पण खरं सांगते, मला त्याचा रागच आला. तेरा वर्षं हा माणूस एक निमित्त शोधत होता आणि शोधून शोधून त्याने ते इतकं अवघड शोधलं होतं.

आता ग्रेव्हीबद्दल सांगायला हवं.

आमच्या खेळात एक प्राणी असा तयार करतात, ज्याला स्वीपर म्हणतात. त्याचं काम एकच. शेवटी यायचं आणि समोरच्याचा सुपडा साफ करून टाकायचा. त्याची सगळी मेहनत वेगावर आणि माऱ्यावर खर्च केलेली असते. अंगात सोसण्याची ताकद ठेवलेलीच नसते, त्यामुळे दोन धक्क्यांत आडवा होतो. म्हणून बाकीच्या पाचांनी आधी वाट मोकळी करून द्यायची. एकाने काटे पेरायचे, एकाने मार खायचा, एकाने समोरचा भिंतीसारखा दांडगा गडी बाहेर काढून संपवायचा. मग स्वीपरने यायचं, एक फेरी नुसतं नाचायचं, नाचाने अंगात जोर चढतो, आणि मग एकेकाला लोळवत जायचं.

ग्रेव्ही हा ब्रॉनीने केलेला स्वीपर. लांब पायांचा, पात्यासारख्या पंखांचा लाल पक्षी. नाव नऊ वर्षांच्या पोरीने ठेवलेलं, दुसरं काय असणार. हवा तसा स्वभाव घेऊन जन्मावा म्हणून बापलेकीने दोनशे बारा अंडी उबवली. अंडं उबायला खेळात सायकल फिरवत राहावं लागतं. ती शाळेत असताना नेव्ह कारखान्यातल्या चहाच्या सुट्टीत अंगठ्याने सायकल फिरवायचा. दोनशे बारावं अंडं फुटलं, तेव्हा ती त्याला उठवायला धावत आली होती. रात्रपाळी करून तो भर दुपारी झोपला होता. हे त्याने मला निदान वीसदा तरी सांगितलंय.

मेलबर्नला जाताना तिने आपल्या खेळायच्या यंत्रातला ग्रेव्ही त्याच्याकडे पाठवून दिला. म्हणाली, “तू सांभाळ.” तेव्हापासून यंत्रं बदलली, खेळाच्या आवृत्त्या बदलल्या, नेव्हने प्रत्येक वेळी ग्रेव्हीला जुन्यातून नव्यात आणलं. माहितीच्या पानावर अजूनही दिसतं, वाढवणारी ब्रॉनी. दुसऱ्याने वाढवलेल्या प्राण्याचं नाव आमच्या खेळात बदलता येत नाही. नेव्हला बदलायचंही नव्हतं.

पण शनिवारी तो ग्रेव्हीला बाहेरच काढायचा नाही. सहाव्या जागेवर बसवून ठेवायचा आणि उरलेल्या पाचांनिशी घासून घासून जिंकायचा. मी चिडवायचे, “लोणचं घातलंयस का त्याचं?” तो म्हणायचा, “अजून वाट मोकळी नाही गं.”

लॉन्सेस्टनला एका शाळेच्या हॉलमध्ये साठ जण जमले होते. मी दुसऱ्याच फेरीत गारद झाले. हरवणारा दाढीवाला प्लंबर इतका चांगला वागला की मला त्याचा आणखीच संताप आला. मग मी शिंपल्यांचं सारण भरलेली पेस्ट्री घेऊन त्याच्याच शेजारी बसले आणि नेव्हचे सामने पाहिले. नेव्ह जिंकत गेला. तेही त्याच्या पद्धतीने. समोरचा कंटाळून चूक करेपर्यंत हा जागचा हलायचा नाही.

उपांत्य सामना व्यासपीठावरच्या मोठ्या पडद्यावर दाखवला. समोर पेट्रा क्लूग. तिशीची, तिथल्याच एका वाचनालयात काम करणारी, डब्यातली गाजरं खात खेळणारी. बसण्याआधी तिने नेव्हशी हात मिळवला.

“शर्ट छान आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“शर्ट!”

“हो, खेळायलाच आलोय,” नेव्ह म्हणाला. लोक हसले. तोही हसला. त्याला वाटलं असेल, सगळे हसतायत तर आपणही हसावं.

सामना अर्धा तास चालला. नेव्हच्या पाचांनी काय राबावं! काटे पेरले गेले, मार खाल्ला गेला. पेट्राचं दगडी कासव हा एकच प्राणी ग्रेव्हीला रोखू शकला असता, आणि नेव्हने आपले दोन गमावून त्याला संपवला. शेवटी पेट्राकडे तीन उरले आणि नेव्हकडे एक. पेट्राचा मैदानात उभा असलेला प्राणी, एक जाडजूड अस्वल, नेव्हच्या पाचव्याने पडता पडता झोपवून ठेवला होता.

“आता येणार,” प्लंबर म्हणाला.

ग्रेव्ही पडद्यावर आला. खाली नाव आणि त्याखाली बारीक अक्षरात वाढवणाऱ्याचं नाव. मी नेव्हकडे पाहिलं. त्याने यंत्र दोन्ही हातांनी धरलं होतं.

ग्रेव्ही नाचला. अस्वल झोपलेलंच.

“मार आता,” प्लंबर पुटपुटला. “मार, मार.”

मीही तेच म्हणत होते. एका नाचात पुरेसा जोर आला होता. अस्वल, त्यामागचा साप, त्यामागचा कोल्हा, तिघांनाही एकेक फटका. तसा हिशोब केला तर सापाच्या बाबतीत किंचित धोका होता. आमच्या खेळात प्रत्येक फटका थोडा कमी-जास्त पडतो, सोळा तऱ्हांनी. त्या सोळांतला सगळ्यात हलका फटका पडला असता, तर साप जेमतेम वाचला असता. सोळांत एकदा. शहाणा माणूस एवढा धोका हसत पत्करतो.

पण नेव्हने तीस वर्षं पट्ट्यावर एकही डागाळलेला बटाटा पुढे जाऊ दिलेला नाही. आणि या एका फटक्यामागे त्याचं मेलबर्न होतं. त्याला सोळांतला एकही नको होता.

ग्रेव्ही दुसऱ्यांदा नाचला.

अस्वल जागं झालं. जागं होताच त्याने ग्रेव्हीला एक धक्का दिला. ग्रेव्ही पडला नाही, पण त्याचा जीव पडद्यावर एका लाल रेघेपुरता उरला. हॉलभर “अरेरे” झालं. नेव्हला ते ऐकू गेलं नसावं. त्याने अस्वलाला पाडलं. सापाला तर असा पाडला की तसे दोन पडले असते. मग कोल्हा आला. कोल्ह्याकडे एक क्षुल्लक चापट होती, पण ती समोरचा कितीही वेगवान असला तरी त्याच्या आधी लागते. धडधाकट ग्रेव्हीला ती जाणवलीही नसती. लाल रेघेवरच्या ग्रेव्हीला तेवढी पुरली.

पेट्राने आनंद दाखवला नाही. उठून नेव्हच्या बाजूला आली, वाकून त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाली, “तुझा पक्षी फार सुंदर घडवलाय. इतका नीट घडवलेला मी पाहिला नव्हता.”

“माझ्या मुलीने घडवलाय,” नेव्ह म्हणाला. आणि मग पुन्हा एकदा, कुणी विचारलेलं नसताना, “माझ्या मुलीने.”

मला वाटलं, आता गप्प गप्प गाडीत बसेल. पण तो व्यासपीठावरून उतरला, हॉलच्या मधोमध एका खुर्चीवर बसला आणि त्याने फोन लावला. ऐकू येत नाही म्हणून तो नेहमी फोनचा आवाज मोठा करूनच बोलतो. आजूबाजूला लोक आवराआवर करत होते. त्यांनीही सगळं ऐकलं, त्याला माझा इलाज नव्हता.

“बाबा? काय झालं? आज शनिवार आहे.” मागे कुठलासा कुत्रा भुंकत होता.

“काही नाही. हरलो.”

“काय हरलास?”

“लॉन्सेस्टनला. उपांत्य. ग्रेव्ही पडला.”

“ग्रेव्ही? माझा ग्रेव्ही? अजून आहे तो?”

“आहे म्हणजे? जाणार कुठे?”

“अरे देवा.” ती हसली. “पडला कसा?”

“दोनदा नाचवला.”

“दोनदा कशाला रे! एवढा सुंदर गडी आणि तू त्याला नाचवत बसलास?”

“साप वाचला असता. सोळांत एकदा.”

“बाबा. सोळांत एकदा?”

“हो.” नेव्हने घसा साफ केला. “जिंकलो असतो तर मेलबर्नला येणार होतो. चौदा तारखेला. आता काही नाही.”

“आता का नाही?”

“हरलो ना.”

तिने एक दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “तुझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मेलबर्नला येणारी बोट दिसते.”

“दिसते.”

“रोज दिसते.”

“रोज.”

“मग?”

नेव्हने फोन या हातातून त्या हातात घेतला. “तू कधी बोलावलं नाहीस,” तो म्हणाला. त्याच्या हिशोबाने तो हळू बोलला होता.

“मला वाटायचं, तुला यायचंच नाहीये. लहानपणी मी आईला विचारायचे, बाबा का येत नाही. ती म्हणायची, त्याला तिकडेच बरं वाटतं.”

“मला वाटायचं, तू म्हणशील, हा कशाला आला.”

तेरा वर्षं दोघंही आपापल्या बाजूला बसून राहिले होते, समोरचा पहिली चाल करेल म्हणून. मला दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. मी काही केलं नाही. हॉलमधल्या लोकांनी खुर्च्या भिंतीशी नेऊन एकावर एक रचायला सुरुवात केली होती, मीही दोन उचलल्या.

“मला शनिवार-रविवार ड्यूटी असते,” ब्रॉनी म्हणत होती. “सकाळी आठ ते सहा. घर लहान आहे, तू कोचावर झोपशील. दिवसभर एकटाच पडशील.”

“चालेल.”

“काय करशील दिवसभर?”

“बसेन,” नेव्ह म्हणाला. “तू येईपर्यंत बसेन.”

ती काहीतरी म्हणाली ते मला कळलं नाही, त्यालाही कळलं नसावं, पण तो “हो, हो” म्हणत राहिला आणि मोकळ्या हाताने निळ्या शर्टाची बाही डोळ्यांना लावत राहिला. पेट्रा शेवटच्या रांगेतल्या खुर्च्या गोळा करत त्याच्यापर्यंत आली आणि थांबली. तिने हातातल्या खुर्च्या आवाज न करता भिंतीशी नेऊन ठेवल्या. शाळेचा शिपाई दाराशी किल्ल्या घेऊन उभा होता, त्याला तिने हातानेच जरा थांब म्हणून खुणावलं. हॉलमध्ये आता ती एकच खुर्ची उरली होती, आणि ती कुणी मागितली नाही.