बलियालाची लेक

विनिताबाई कोलशेतच्या कोळीवाड्यात आल्या, तेव्हा संचिता सासू आवडाबाईंबरोबर ओट्यावर करंदी निवडत बसली होती. शाळेत मराठी शिकवणाऱ्या या बाई निवृत्त झाल्यावर बायबलच्या नव्या भाषांतराची भाषा तपासत. वाचलेलं लोकांना कळतंय का, हे बघायला आज त्या जुन्या विद्यार्थिनीकडे हक्काने आल्या होत्या.

त्यांनी वाचून दाखवलेली गोष्ट हन्नाची होती. मूल होत नाही म्हणून सवत तिला टोचून बोलायची. एकदा ती देवळात मनातल्या मनात देवाला आळवत रडत बसली. नुसते ओठ हलताना बघून पुजारी एली म्हणाला, ही प्यालेली दिसते. तेव्हा ती म्हणाली, मला बलियालाची लेक समजू नका, जिवाच्या दुःखाने बोलतेय.

संचिताचा हात थांबला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं.

"बलियाल कोन गो?" आवडाबाईंनी विचारलं.

"तिथेच तर अडलंय," बाई म्हणाल्या. "बरेच जाणकार म्हणतात, मूळ अर्थ कसल्याच कामाचा नसलेला. मग दुष्ट माणसाला तसं म्हणायला लागले. पुढे तर ते सैतानाचंच नाव झालं. मराठीत काय म्हणू? अवदसा?"

"ओवाळून टाकलेली," संचिता म्हणाली.

बाई चमकल्या. निकामी आणि वाईट, दोन्ही त्यात आलं होतं. "अगं, कुठून सुचलं तुला?"

संचिताने सासूकडे पाहिलं. आवडाबाईंनी मान खाली घातली. रागाच्या भरात हा शब्द त्यांच्याच तोंडून कितीदा गेला होता.

मान वर न करता त्यांनीच विचारलं, "मंग पोर झाला का तिला?"

"झाला, मुलगा."

"म्हणून ती चांगली ठरली ना, बाई?" संचिताचा आवाज चिरकला. "झाला नसता तर?"

"नाही गं. एलीला चूक तिथेच कळली. सुखाने जा म्हणाला तो तिला. मूल पुढची गोष्ट."

आवडाबाई उठल्या. करंदीची टोपली उचलून आत गेल्या.

पुढच्या रविवारी शेजारच्या दिपिकाच्या मुलीचं बारसं होतं. संचिता नेहमीसारखी दारापाशीच उभी राहिली. पाळण्याजवळ गेलं की बायका कुजबुजतात, हे तिला ठाऊक होतं. बाळाला पाळण्याखालून एकीकडून दुसरीकडे द्यायची वेळ आली, तशी आवडाबाईंनी सगळ्यांदेखत हाक मारली.

"संचे, पुढं ये. तू धर."

"अगो, तिला कशाला?" दिपिकाची आत्या पुटपुटली.

"का? माझी सून हाय ती," आवडाबाई म्हणाल्या. "आनि मी जे बोलले ना तिला, ते माझा चुकला."

दिपिकाने बाळ संचिताच्या हातात दिलं. ते दुधाने जड झालं होतं, डोळे मिटून होतं. पाळण्यापलीकडे सासूने हात पुढे केले. कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली, आणि संचिताने बाळाचं डोकं सावरत वाकून ते पाळण्याखालून अलगद पलीकडे दिलं.