निवळलेलं औषध

त्रिंबक कंपाउंडरला कर्जतच्या दवाखान्यात बावीस वर्षं झाली होती, आणि त्यातली निदान दहा तरी त्याने ‘बाटली हलवून घ्या’ एवढंच सांगण्यात घालवली असतील. पावसाळा सरता सरता हिवतापाला असा ऊत यायचा, की सांगून सांगून जीव नकोसा व्हायचा.

अशाच एका सोमवारी ठाकरवाडीची जना आली. तिच्या सहा वर्षांच्या कोंडीला हिवताप होता आणि नेहमीचं आंबट-कडू क्विनाइन पोरीच्या पोटात ठरत नव्हतं. घोट गेला की भडाभडा ओकायची. डॉक्टर म्हणाले, “त्रिंबक, बघा काहीतरी.”

त्रिंबकने बघितलं. आंबट द्रव वगळला, क्विनाइनची पूड खलात डिंकाच्या पाण्याबरोबर घोटली, वर बडीशेपेचा अर्क घातला. आंबट नसलं की पूड विरघळत नाही, तळाशी बसते. बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. काम झकास झालं. पण मागे चाळीस माणसं खोळंबली होती, उभं राहून पाय भरून आले होते, आणि नेमकं ते एक वाक्य त्या दिवशी सांगायचं राहिलं.

चौथ्या दिवशी जना परत आली. हातात धुऊन लख्ख केलेली बाटली.

“ताप उतरंना, दादा. पोर आता मला वळखत पन नाय. औशीद मातूर येकदा पन वकली नाय.”

“सगळं पाजलंस?”

“तर! तळाला गाळ व्हता ना, म्हून आमी झऱ्याचं पानी निवळतो तसं निवळलं. वरलं वरलं पाजलं, गाळ टाकला फेकून.”

त्रिंबकने बाटली घेऊन उजेडाकडे धरली. तीन दिवस पोरीच्या पोटात नुसतं बडीशेपेचं पाणी गेलं होतं.

आतून डॉक्टरांनी ऐकलं आणि ते भडकलेच. “हलवून द्यायला सांगितलं होतंत ना, त्रिंबक?”

“सांगितलं होतं,” तो म्हणाला. घाबरला, दुसरं काय!

जनाने कपाळावर हात मारून घेतला. “सांगितलं आसंल. माज्याच ध्यानात नाय ऱ्हायलं. माजीच पोर आन मीच...”

त्याने दुसरी बाटली तयार केली, हलवायचं तीनदा बजावलं आणि ती निघाली तेव्हा मागोमाग फाटकापर्यंत गेला. लाजेने त्याला वर बघवत नव्हतं.

“जने, मी सांगितलंच नव्हतं गं. चूक माझी.”

जनाचे डोळे भरून आले. “तुमी देवमानूस, दादा. माजं पाप आपल्या डोईवर घेताय,” म्हणाली आणि झपाझप चालू लागली.

कोंडीचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पोर वाचल्याचा निरोप आला. त्या रात्री त्रिंबक तीन दिवसांनी पोटभर जेवला.

पंधरवड्याने त्याच वाडीचा पोशा बायकोसाठी औषध न्यायला आला. त्रिंबकने तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “हलवून द्यायचं. ठाव हाय. आजवर वाडीतलं समदं आजारी मानूस जनीच्याच हवाली व्हतं. पन पोटच्या पोरीचं असं केलं तिनं. आता कुनी तिच्या हातचं औशीद घेत नाय.”

त्रिंबकने बाटली खाली ठेवली आणि पहिल्यापासून सगळं खरं सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

पोशाने शांतपणे ऐकून घेतलं आणि मान डोलावली.

“जनीबी हेच सांगत व्हती, दादा. लई मोठं मन तुमचं.”