नीळकंठरावांचा पहारा

मी दुर्बीण बोलतेय. जरा हळूच बोलते. कोण कान देऊन असेल, सांगता येत नाही. जन्मभर एकच काम शिकले, समोर दिसेल त्यावर संशय घ्यायचा.

एकाहत्तरच्या लढाईत मी नौदलाच्या एका जहाजावर टेहळणीला होते. मला डोळ्यांना लावून बालाघाटचा नीळकंठ उभा असायचा. एकदा तो ओरडला, "पाणबुडी!" सगळं जहाज तोफांकडे धावलं. पाण्यात नारळ तरंगत होता. जहाजभर हसू झालं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा काहीतरी काळं दिसलं. कालचं हसू अजून त्याच्या कानात होतं. पण तो ओरडला. तो सुरुंग होता. जहाज वळलं, म्हणून मी आज बोलतेय.

बालाघाटला परतलेल्या नीळकंठरावांच्या तोंडी त्या नारळाचीही पाणबुडी झाली आहे, आणि तीही बुडवलेली. मी कॅप्टनचं बक्षीस, असंही ते सांगतात. त्यावर मी बोलणार नाही.

समुद्र इथून कुठल्या कुठे, तरी पहारा सुटला नाही. रोज सकाळी आम्ही दोघं गच्चीवर. भरवेलीच्या खाणीचा ट्रक, दूधवाला बाबूलाल, शेजारच्यांचा नवा जावई, सगळे संशयित.

मग मला खुद्द नीळकंठरावांचाच संशय येऊ लागला. एका सकाळी माझ्या काचांवरची झाकणं काढायची राहिली. तरी मला डोळ्यांना लावून ते म्हणाले, "बाबूलाल येऊन राह्यला. पाणी घालूनच आणलं असन." सायकलीचा खडखडाट ऐकून! मोतीबिंदू पार पिकला होता.

मुलगा देवेंद्र विनवायचा, "बाबा, ऑपरेशनले गोंदियाले चला न. उशीर केला तर नजरच जाईन."

"मले सगळं दिसते. पहाऱ्यावरून उतरवाचा डाव आहे तुमचा!"

एकदा नात वल्लरी गच्चीवर आली. तिनं तशीच राहिलेली झाकणं पाहिली. आता ही हसणार, असं मला वाटलं. तिनं ती मुकाट्यानं काढली.

"आबा, जहाजावर पहारा कधी सोडत होते?"

"पुढच्या पाळीचा माणूस आला का. त्यानं 'पहारा माझा' म्हटलं, का मग जायचं."

ती ताठ उभी राहिली. "पहारा माझा, आबा."

त्यांनी मला डोळ्यांवरून खाली घेतलं. "तुले जमते काय?"

"नाही जमत. म्हणून तर लवकर वापस या."

माझा पट्टा त्यांनी तिच्या गळ्यात घातला. "नारळ दिसला तरी ओरडजो. लोक हसतीन म्हणून गप्प राहू नको."

आज गेटपाशी गाडी थांबली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला म्हातारा उतरला आणि खालूनच गरजला, "पहारेकरी! काय दिसते?"

वल्लरीनं मला डोळ्यांना लावलं. "एक थापाड्या म्हातारा घरात घुसून राह्यला!"

माझी झाकणं काढलेली होती. खबर पक्की आहे.