गालिच्यावर आधी कोण?

मित्रांनो, माझं वय झालं, अंगावर चरे पडले, तरी मला अजून एका जागी स्वस्थ बसवत नाही. मी एक लाल रंगाचा व्हॅक्यूम क्लीनर आहे. आत्ताही वायर गुंडाळून दारामागे उभा आहे, पण चित्त थाऱ्यावर नाही. शेजारी कुणी मिक्सर लावला तरी मी दचकतो. मला वाटतं, आला, झपाटा आला!

झपाटा कोण ते सांगतो, पण आधी माझ्या जन्माची गोष्ट ऐका. एका मोठ्या कारखान्यात माझं अंग साच्यातून निघालं. चाकं लागली, नळी लागली, पोटात धुळीची पिशवी बसली. मोटर तेवढी बाहेरून खोक्यात बंद होऊन आली. कुठून आली, हे मी कुणाला विचारलं नाही. शेवटी माझ्या पाठीवर सोनेरी अक्षरांत 'भरारी' असं कंपनीचं नाव उमटलं, आणि प्लॅस्टिकच्या अंगावर मूठभर मांस चढलं!

मला वाटलं होतं, आता एखाद्या घरात जाऊन सुखानं राहू. पण माझ्या नशिबी घर नव्हतंच. माझ्या भावंडांची विक्री व्हावी म्हणून लोकांच्या घरी जाऊन स्वतःची करामत दाखवायची, हे माझं काम ठरलं. मला हातात धरून दारोदार हिंडणारी होती कंपनीची विक्रेती. तिला सगळे ताईच म्हणत. ताई बोलायला गोड आणि चालायला भलती चपळ. जिना दिसला की मला उचलून कडेवर घ्यायची आणि भराभर चढायची.

तिची युक्ती ऐका. घरातल्या बाईंनी नुकतीच झाडलेली गादी ताई मुद्दाम निवडायची. नळीच्या जोडात पांढरं फडकं अडकवायची, मला त्या गादीवर फिरवायची आणि मग ते फडकं हळूच उघडून दाखवायची. फडकं काळंकुट्ट! बाईंचा चेहरा पडायचा. "अगं बाई, आम्ही यावर झोपतो?" असं त्या म्हणाल्या की ताई माझ्याकडे बघून जराशी हसायची. ती कौतुकाची नजर मला फार आवडायची.

कुणाकडे दुसऱ्या कंपनीचं यंत्र असेल तर ताई आदबीनं म्हणायची, "आधी तुमचं फिरवून घ्या ना." ते फिरलं की मग माझी पाळी. फडकं पुन्हा काळं. लोक तोंडात बोट घालायचे. खरी गोष्ट अशी होती, मित्रांनो, की गादी आणि गालिचा कधीच पूर्ण रिकामे होत नाहीत. कितीही ओढा, आत थोडी धूळ उरतेच. म्हणून जो नंतर फिरतो तो जिंकतो. माझ्यानंतर पुन्हा मलाच फिरवलं असतं, तर मी स्वतःलाही हरवलं असतं!

ताईला एक धाकटी बहीण होती. ताईनं तिला ही सगळी विद्या घरीच, आईच्या गादीवर शिकवली. धाकटीलाही भरारीतच काम हवं होतं. पण शाखेचे साहेब म्हणाले, एका घरातल्या दोघी नकोत. त्या वेळी ताई एक अक्षर बोलली नाही. तेच धाकटीच्या जिव्हारी लागलं. ती तणतणत गेली आणि थेट समोरच्या कंपनीत लागली. त्या कंपनीचं यंत्र म्हणजेच निळा, गोल गरगरीत झपाटा.

तेव्हापासून माझं सुख संपलं. दोघी बहिणी आईबरोबर एकाच घरात राहायच्या, त्यामुळे आम्हा दोघांनाही एकाच पलंगाखाली झोपावं लागे. त्याचं गोल पोट माझ्या चाकाला टेकायचं आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बहिणींनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. जे काही सांगायचं ते आईमार्फत. "आई, तिला सांग, बाथरूम रिकामं झालंय." "आई, तिला सांग, मला डोळे आहेत." आई बिचारी गुडघे चोळत म्हणायची, "मी काय टेलिफोन आहे का गं?"

दिवसा आम्ही एकाच गल्लीत फिरायचो. आम्ही पुढच्या दारानं बाहेर पडलो की झपाटा त्याच दारानं आत शिरायचा आणि आमच्यानंतर फडकं काळं करून दाखवायचा. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या मागावर. ताईला जेवण गोड लागेना. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तिचे कान जिन्याकडे असायचे. मीसुद्धा तसाच झालो. धूळ ओढता ओढता मी त्याचा आवाज शोधत राहायचो.

हळूहळू लोक दारावरच्या विक्रेत्यांना कंटाळले. बेल वाजवली की आतूनच "नको, नको" असा आवाज यायचा. माझी पिशवी रिकामी राहू लागली, सोनेरी अक्षरं उडाली. एक दिवस साहेबांनी ताईला बोलावलं. मी तिच्या पायाशीच होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं. गावातलं मोठं सिनेमा थिएटर सफाईसाठी यंत्रं घेणार होतं. ते काम भरारीला मिळालं नाही, तर ही शाखा बंद करायची आणि ताईनं दूरच्या शहरात मुख्य कचेरीत जायचं, असं ठरलं होतं. ताईनं मान हलवली. आईचे गुडघे असे, घर तिसऱ्या मजल्यावर. आईला नेता येणार नव्हतं आणि एकट्या धाकटीच्या भरवशावर सोडताही येणार नव्हतं. घरी आल्यावर ताईनं यातलं काहीच सांगितलं नाही. पलंगाखाली मी आणि शेजारी तो. मला वाटत होतं, यालाच सांगावं, पण आम्हाला वीज लागल्याशिवाय तोंड फुटत नाही.

थिएटरच्या मॅनेजरांनी दोन्ही कंपन्यांना एकाच सकाळी बोलावलं. लाल गालिच्याच्या रांगा, मऊ खुर्च्या, वर बाल्कनी आणि तिच्या उतरत्या पायऱ्या. मॅनेजरकाकांचं पोट पुढे, हातात किल्ल्यांचा जुडगा, स्वभाव गमत्या. "हं, करा सुरू," ते म्हणाले.

कुणीही हललं नाही. नंतर फिरणारा जिंकतो, हे दोघींनाही ठाऊक होतं. एकीनं शिकवलं होतं, दुसरी शिकली होती.

"मॅडम, आधी तुम्ही," ताई म्हणाली.

"छे छे, मॅडम, तुम्ही मोठ्या. आधी तुम्ही."

सख्ख्या बहिणी एकमेकींना मॅडम म्हणत होत्या! मॅनेजरकाकांना वाटलं, किती या सभ्य बायका. ते खुर्चीत टेकले. इकडे 'आधी तुम्ही' संपेना. शेवटी काकांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "अहो, मोठ्यांचा मान मोठ्यांना. लाल मशीन आधी."

ताईनं माझं बटण दाबलं. तिनं पहिली रांग साफ केली, अगदी जीव ओतून. मग धाकटीनं त्याच रांगेवर झपाटा फिरवला आणि फडकं उघडलं. काळं! काका पुढे वाकले. धाकटीच्या डोळ्यांत हसू आलं. ताईनं तिला बाजूला सारलं, मला पुन्हा त्याच रांगेवर फिरवलं आणि आपलं फडकं काकांच्या नाकासमोर धरलं. तेही काळं!

"अरेच्चा!" काका म्हणाले. "मग त्या दुसऱ्या रांगेवर बघू बरं."

तिथून जे सुरू झालं ते काय सांगू! दुसरी रांग, तिसरी रांग, खुर्च्या, पडद्यापुढची जागा. ती एकदा, ही दोनदा. ही दोनदा, तर ती तीनदा. दोघींचे केस सुटले, पदर खोचले गेले. काका मागून "आता बाल्कनी, आता तो कोपरा" असं बोट दाखवत होते. माझं पोट तुडुंब भरलं. हवा आत येईना. माझा घरघरता आवाज चिरका झाला, मी पार किंचाळायला लागलो. ताई एरवी माझा आवाज जरा बदलला तरी लगेच थांबून पिशवी झटकायची. त्या दिवशी तिनं ऐकलंच नाही. धाकटी झपाट्याला पायऱ्यांवरून फरफटत खाली पळाली, नळी अडकली आणि तो गडगडत जाऊन कठड्यावर आपटला. त्याच क्षणी माझ्या आतून धूर आला. जळकट वास सुटला आणि मी गप्प झालो.

काकांनी चारी बाजूंनी थिएटर बघितलं. गालिचा पहिल्यांदाच खऱ्या लाल रंगाचा दिसत होता. "वा! आता वर्षभर निश्चिंत झालो," ते म्हणाले. "मशीन घेऊन काय करू? पण चहा घेऊन जा हं दोघी."

चहाला कुणीच थांबलं नाही. बाहेरच्या पायऱ्यांवर ताई मला मांडीशी धरून बसली आणि तिला रडू फुटलं. धाकटी चार पावलं पुढे गेली, थांबली, परत आली. कित्येक वर्षांनी ती सरळ ताईशी बोलली. "रडतेस काय? मशीनच जळलं ना?"

"मशीनचं नाही गं. हे काम गेलं म्हणजे मला दुसऱ्या गावी जावं लागणार. आईला तू एकटी कशी सांभाळणार?"

धाकटी तिच्या शेजारी बसली. "आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"कुणाकरवी सांगू? आईकरवी?"

मित्रांनो, मी जळलेला होतो, तरी तेव्हा मला जे वाटलं ते जळण्यापेक्षा जास्त दुखणारं होतं. त्या पायऱ्यांवर मला शरम वाटली, झपाट्याला इतकी वर्षं पाण्यात पाहिल्याची.

दोघी आम्हाला घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. त्यानं आम्हाला शेजारी शेजारी उघडलं. माझ्या मोटरचा कोळसा झाला होता. झपाट्याचं अंग दुभंगलं होतं, पण मोटर शाबूत होती. दुरुस्तीवाला दोन्ही मोटरी हातात घेऊन हसायला लागला. "अहो, दोन्हीवर एकाच कारखान्याचा शिक्का आहे. वरचं टरफल तेवढं वेगळं."

बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. मी तर सुन्नच झालो. ज्याच्या आवाजानं माझी झोप उडत होती, तो आवाज माझाच होता.

"दोन्ही काही वाचत नाहीत. दोन्हींचं मिळून एक होईल. करू?" त्यानं विचारलं.

झपाट्याच्या फुटलेल्या पोटावरून हात फिरवत धाकटी म्हणाली, "करा. लाल अंग राहू दे."

त्यानंतर ताईनं भरारी सोडली आणि धाकटीनं झपाटा. दोघी मला घेऊन पुन्हा मॅनेजरकाकांपुढे उभ्या राहिल्या. यंत्र विकायला आलो नाही, सफाईचं काम करायला आलो आहोत, असं ताईनं सांगितलं. काकांनी हनुवटी खाजवली. "वर्षभर कसलं, गालिचा पुन्हा मळलाच. काम देतो. पण दोघी यायचं हं. एकटीला एवढा चेव येणार नाही." तिथून दुसऱ्या थिएटरचं काम आलं, मग एका वाचनालयाचं. ताई गावातच राहिली. आईचा टेलिफोन बंद झाला, आता दोघी थेट भांडतात, आणि आईला ते भांडण गाण्यासारखं गोड वाटतं.

मी मात्र अजून बेचैनच असतो. सुरू झालो की आतून झपाटा बोलतो, आणि मी त्याला शोधायला लागतो. मग आठवतं, तो कुठे जायचा? त्याची मोटर माझ्या पोटात आहे. त्याचं निळं टरफल भंगारवाल्यानं नेलं, तेव्हा त्याचा निरोपही मला घेता आला नाही.

म्हणून मुलांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल तर एवढंच करा. त्याच्यावर नाव कुणाचं आहे ते नंतर बघा, आधी त्याची पिशवी वेळेवर रिकामी करा. त्याचा आवाज चिरका झाला, तर हातातलं काम कितीही घाईचं असो, बटण बंद करून झाकण उघडा. कोण जिंकतंय आणि कोण हरतंय, हे आम्हाला कळत नसतं. श्वास कोंडला आहे एवढंच कळतं, आणि ते आम्ही ओरडून सांगतो तेव्हा तुम्हाला वाटतं, किती जोरात काम करतोय!