तेविसावं भोक

गिरगावातल्या मनमोहनरावांच्या दाराला भोकं एकंदर तेवीस. बावीस खिळ्यांची, तोरणांची, पाटीची, तेविसावं गोळीचं. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी बोळात गोळीबार झाला तेव्हाचं, छातीच्या उंचीवर. येत्या एक मेला राज्य व्हायचं होतं आणि मंडळाचा सेक्रेटरी हेरंब त्या भोकाला पितळी कडं बसवून मनमोहनरावांना शाल-नारळ देणार होता. म्हणून दाराचा हिरवा रंग खरवडून पॉलिश करायला कायतान मिस्त्री आला.

दाराचाच भुसा घ्यायचा, गरम सरसात कालवायचा, भोकात दाबायचा. थोडा उंचवटा ठेवायचा. वाळला की बसतो, मग काचकागद. बावीस भोकं कायताननं अशी बुजवली की सागवानालाही आठवू नयेत. तेविसाव्यात त्यानं काडी फिरवली. काडी आट्यांवरून खडखडत गेली. बाहेरच्या अंगाला कपच्या निघालेल्या, इतकी वर्षं रंगाखाली दबलेल्या.

"मनमोहनराव, ही गोळी घरातून सुटली."

मनमोहनरावांनी पेपर खाली करून बोळात बघितलं.

"आणि गिरमिटासारखी फिरत फिरत गेली."

"हळू बोल रे, कायतान."

"मी हळूच बोलतोय. भोकच मोठ्यानं बोलतंय."

राजलक्ष्मीबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "त्या गोळीबारात आमचा शशिकांत तीन दिवस घरी आला नव्हता, मिस्त्री. दार उघडायची सोय नाही, खिडक्या सगळ्या मागच्या अंगणात. ह्यांनी गिरमिटानं भोक पाडलं आणि स्टुलावर बसून राहिले, एक डोळा मिटून. जेवले तिथंच. तिसऱ्या दिवशी पोराचा सदरा दिसला, तर दार उघडायचं विसरून तिथंच रडत बसले."

"गोळी मी म्हटलं नाही," मनमोहनराव म्हणाले. "हेरंब म्हणाला. मी फक्त नाही म्हटलं नाही."

कायताननं चहा फुंकला. "ठेवायचं असेल तर आटे घासून देतो. कपच्या आत वळवतो. कुणाला कळायचं नाय."

तेवढ्यात हेरंब टेप घेऊन आला.

"काका, कड्याचं माप."

"कायतान, बुजव," मनमोहनराव म्हणाले. "हेरंब, गोळी नव्हती ती. पोराची वाट बघायला मीच पाडलं होतं."

हेरंबनं टेप गुंडाळली. "काका, पत्रिका छापून झाल्यात."

"मग दुसऱ्या कुणाचं दार बघ."

हेरंब बघायला गेला. कायताननं सागाची खुंटी तासली, रेषेला रेष जुळवली, सरस लावला.

"थांब मिस्त्री," राजलक्ष्मीबाई म्हणाल्या. "तीन दिवसांत ह्यांनी मला एकदाही बघू दिलं नव्हतं." त्यांनी स्टूल ओढलं आणि डोळा लावला.

"काय दिसतं?" मनमोहनरावांनी विचारलं.

"हेरंब. समोरच्या कमळाबाईंचं दार चाचपतोय." त्या आणखी थोडा वेळ बसल्या. मग उठल्या. "हं. मार आता."