थेल्मा बॉरिलच्या वडिलांचा फलक

"माझ्या भावाचा कितवा म्हणालीस?" म्युरिएलने विचारलं.

"चॅटम. फलक एकोणसाठ, दुसरी रांग. तिसऱ्यांदा सांगतेय, बाई," थेल्मा म्हणाली.

"परत सांग. ऐकायला बरं वाटतं."

इंग्लंडातल्या ग्रिम्झबी बंदरात, चर्चमागच्या खोलीत चौदा बायका चहा घेत बसल्या होत्या. कुणाचा बाप, कुणाचा भाऊ दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेला. ज्यांना थडगं मिळालं नाही त्यांची नावं नौदलाच्या मोठ्या स्मारकांवर कोरलेली असतात. पण माणूस कुठल्या गावचा ते तिथं कुणी बघत नाही. नौदलाच्या कुठल्या बंदराच्या पटावर होता, ते बघतात. त्यामुळे घरोघरी घोळ. हारनेस कुटुंबाने तर तीस वर्षं पोर्ट्समथला जाऊन भलत्याच हारनेसपुढे फुलं ठेवली होती.

हा घोळ निस्तरायला थेल्मा पुढे झाली, लग्नानंतरही गावाला थेल्मा बॉरिलच. मे महिन्यासाठी तिने मिनीबस ठरवली. आधी चॅटम, मग पोर्ट्समथचं स्मारक आणि तिथलं संग्रहालय, परतताना लोस्टॉफ्ट, कारण मासेमारीच्या बोटींवरून सुरुंग काढायला गेलेल्यांची नावं तिथं आहेत. प्रत्येकीसाठी तिने युद्धस्मारकांच्या कचेरीला पत्र लिहिलं आणि फलकाचा क्रमांक मागवला. तेरा जणींचे आले. स्वतःचं पत्र तिने सगळ्यांत शेवटी टाकलं. तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात वाढप केलेली बाई ती. आधी स्वतःच्या ताटाकडे बघायची सवयच नव्हती.

उत्तर आलं, विल्फ्रेड बॉरिल हे नाव चॅटमच्या यादीत नाही. थेल्मा हसली. इतरांना शहाणपण शिकवत फिरले आणि आपणच बंदर चुकलो! तिने पुन्हा लिहिलं, पोर्ट्समथ बघा, प्लिमथ बघा, लोस्टॉफ्ट बघा. तीन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. दगडावर नाही, थडग्यांत नाही, कुठेच नाही. खाली कुणीतरी फार सभ्यपणे विचारलं होतं, ते युद्धातून सुखरूप परत आले असण्याची शक्यता आहे का?

ती बस पकडून भावाकडे गेली.

क्लिफर्ड परसात बटाटे लावत होता. सदुसष्ट वर्षांचा, पण कंबर ताठ. नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाच्या रविवारी तो वडिलांची पदकं छातीवर उजवीकडे लावून मिरवणुकीत चालायचा. डावी बाजू ज्याची त्याची, उजवी बापाची. आदल्या दिवशी ती पदकं घासून द्यायचं काम थेल्माचं.

त्याने पत्र वाचलं. तीन ओळींना लागतो त्याहून बराच जास्त वेळ घेतला.

"हापिसातली पोरं. त्यांना काय कळतंय?"

"दोनदा शोधलंय त्यांनी, क्लिफ."

"मग जाऊच नकोस. एवढं लांब हाडं खिळखिळी करत कशाला? थांब, चहा टाकतो."

"चहा राहू दे. तुझे कान लाल झालेत."

तो पालथ्या बादलीवर बसला. "आईने वचन घेतलं होतं माझ्याकडून."

"आईला जाऊन सहा वर्षं झाली."

"बुडाला नाही तो, थेल. प्लिमथला एक बाई होती. आईने इथं सगळ्यांना सांगितलं, बोट गेली. शेहेचाळीस साली आला एकदा. दार मीच उघडलं. आई म्हणाली, गल्लीभर सांगून झालंय, रडून झालंय, आता जिवंत होऊन काय करतोस? तो टोपी घालून गेला निघून."

"आणि मी?"

"तू शाळेत होतीस."

"मग ती पदकं?"

"जुन्या बाजारातली. त्या पदकांवर नाव कुठं असतं कुणाचं?"

"म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याच कुणाचा तरी बाप घासत होते."

क्लिफ हसायला गेला आणि मध्येच थांबला.

"मेला कधी?"

"एकोणऐंशीच्या फेब्रुवारीत."

"महिन्यासकट ठाऊक आहे तुला?"

क्लिफने नखातली माती काढायला घेतली. "मातीला गेलो होतो."

"आणि त्याच्या आधी?"

"उन्हाळ्यात आपलं... मासे पकडायला जायचो ना मी..."

"मासे."

"चार-पाच वेळा गेलो असेन. जास्त नाही."

थेल्माला तिचं लग्न आठवलं. पहिल्या रांगेत आईने वडिलांची म्हणून एक खुर्ची रिकामी ठेवली होती, वर पांढरी फुलं. येणारा जाणारा प्रत्येक जण त्या खुर्चीपाशी डोळे पुसत होता. क्लिफनेही पुसले होते. वडिलांच्या जागी तोच तिला हाताला धरून वेदीपर्यंत घेऊन गेला होता.

"माझं विचारायचा?"

क्लिफने एक बटाटा उचलून मातीत खुपसला.

"सुरुवातीला," तो म्हणाला.

तिने पत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. फाटकापर्यंत जाऊन वळली.

"बटाटे फार जवळजवळ लावलेस," ती म्हणाली. "वाढणार नाहीत."

पुढच्या गुरुवारी ती नेहमीसारखी चर्चमागच्या खोलीत आली. बसवाल्याला वेळ सांगितली, वाटेत जेवायला कुठे थांबायचं ते ठरवलं, हारनेसबाईंच्या गुडघ्यांसाठी पुढची जागा राखली. मग पोर्ट्समथच्या संग्रहालयाला फोन लावला. समुद्रात गेलेल्यांच्या घरच्यांना तिथं सकाळी सगळ्यांच्या आधी आत सोडतात; तासभर त्यांच्याशिवाय आत कुणी नसतं. बाकीच्यांनी दहा वाजता दार उघडलं की तिकीट काढून यायचं.

"तुम्ही किती जणी?" पलीकडून मुलीने विचारलं.

"चौदा."

"सगळ्या घरच्याच ना?"

शेजारी म्युरिएल सुईदोरा घेऊन कागदी फुलांच्या चक्रांना चिठ्ठ्या शिवत होती. आपल्या भावाची चिठ्ठी तिने केव्हाच शिवून मांडीवर ठेवली होती.

"तेरा घरच्या," थेल्मा म्हणाली. "एक तिकीट साधं. दहा वाजताचं."

म्युरिएलची सुई थांबली. तिने मान वर करून थेल्माकडे पाहिलं.

थेल्माने फोन ठेवला, पेन्सिल उचलली आणि बसमध्ये कुणाला खिडकीपाशी बसवायचं ते लिहायला घेतलं.