करदोट्याच्या तीन गाठी

चार वर्षांपूर्वी बेबीबाईचं पत्र आलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

"सर, फोन केला तर तुमी उचलत नाई, म्हणून लिहून राह्यली. बादल दहा महिन्याचा झाला. घडीघडी हगवण लागते. लेकराचा करदोटा वाढत्या कमरेले आखूड पडाले पायजे, याचा ढिला होऊन राह्यला. दर हगवणीमागं एक गाठ मारली, तीन झाल्या. सासू म्हणते, पोटाले आराम दे, अंगावरचं तोड, नुसतं साबुदाण्याचं पानी पाज. तुमी एवढी पुस्तकं वाचता. दूध देऊ का नको?"

बेबी मेडशीच्या शाळेतली माझी विद्यार्थिनी. नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेलेली. मी वाचनालयातून दोन पुस्तकं आणली. दोन्हींत एकच होतं: दूध तोडू नये. तरी वाटलं, मी मराठीचा मास्तर; माझ्या शब्दावर लेकराला काही झालं तर? तिसरं पुस्तक मिळालं की लिहू. मग हंगाम संपला. मग लाज वाटू लागली.

परवा ती एस.टी. स्टँडवर भेटली, पुन्हा तोडीला निघालेली. बादल तिचं बोट धरून उभा होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "अडीच वर्साचा असंल?"

"पाचवं लागलं त्याले," बेबी म्हणाली. मग तिनं त्याचा सदरा वर केला. "पाहा सर, तोच करदोटा. चार वर्सात तीनातली एकच गाठ सोडा लागली." आणि हसली. "तुमचं पत्र आलं नाई, मंग सासूचंच ऐकलं. काहून सर, पुस्तकात नव्हतं का?"

तिच्या कुशीत तीन महिन्यांची लेक रीता होती. कमरेला नवा काळा करदोटा, एकही गाठ नसलेला.

"पत्ता तोच का?" मी विचारलं.

"तोच. पण तुमी कायले लिहता!"

बस आली.

घरी येऊन बसलो आणि लिहिलं:

"बेबी, पुस्तकात होतं. मीच कळवलं नाही. रीताला हगवण लागली तर अंगावरचं तोडू नकोस, जास्त वेळा पाज. लगेच दवाखान्यात ने. जलसंजीवनी आणि जस्ताच्या गोळ्या माग. जेवू लागली की आजारातही भरव. बरी झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त दे. तेव्हाच अंग भरून निघतं. सासूबाईंना हे वाचून दाखव."

खाली 'मी डॉक्टर नाही' असं लिहिलं, आणि खोडलं.

बादलविषयी काय लिहावं ते मात्र सुचलं नाही. त्याचं नाव लिहिलं, पुढची जागा कोरीच राहिली.

आज सकाळी पत्र पेटीत टाकलं.